‘आपला देश क्रमवारीत घसरला’ हा दावा कसा तपासावा

ब्रिटन सरकारने २०१० मध्ये काढलेल्या शिक्षणविषयक श्वेतपत्रिकेची प्रस्तावना तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून आणि उपपंतप्रधान निक क्लेग यांची आहे. पिसा या ओईसीडीच्या (मुख्यतः विकसित देशांची आर्थिक सहकार्य संघटना) १५ वर्षांच्या मुलांसाठीच्या चाचणीत २००० ते २००६ या काळात देश विज्ञानात ४ वरून १४, वाचनात ७ वरून १७ आणि गणितात ८ वरून २४ व्या स्थानी गेला, असं तीत म्हटलं होतं. असा दावा समोर आला की आधी भाग घेणारे देश मोजा. २००० च्या पहिल्या फेरीत ते ३२ होते, २००६ मध्ये ५७. स्पर्धक वाढले की गुण तेवढेच राहूनही क्रमांक खाली जातो.

मग विषय पाहा. पिसात वाचनाची तुलना २००० पासून करता येते, गणिताची २००३ पासून आणि विज्ञानाची २००६ पासून, कारण तो विषय मुख्य धरून पहिली सविस्तर चाचणी त्या-त्या वर्षी झाली. म्हणजे वरच्या तीनपैकी दोन तुलना इथेच बाद होतात.

उरलं वाचन. तिथे नमुना, म्हणजे चाचणीसाठी निवडलेल्या शाळा आणि मुलं, आडवा येतो, आणि हीच पायरी सगळ्यात जास्त चुकवली जाते. २००० आणि २००३ मध्ये ब्रिटनमधून ठरलेल्या प्रमाणापेक्षा कमी प्रतिसाद मिळाला होता. प्रतिसाद न देणाऱ्या शाळा कमकुवत असतील, तर सरासरी फुगते आणि पुढची फेरी नीट झाली की ‘घसरण’ दिसते. म्हणून गुणांआधी अहवालाचं नमुन्याविषयीचं परिशिष्ट उघडा.

गुणांतला फरक निव्वळ योगायोगाचा नाही ना, हे पाहण्यासाठी दोन्ही सरासरींच्या प्रमाण त्रुटी (नमुन्यामुळे सरासरीत येणारी अनिश्चितता) घ्या, त्यांच्या वर्गांची बेरीज करा, वर्गमूळ काढा, १.९६ ने गुणा. दोन्ही त्रुटी २.५ असतील तर उत्तर सुमारे ७. त्याहून लहान फरकावर धोरण उभं करू नये. दोन वेगळ्या वर्षांची तुलना असेल तर जोड-त्रुटीही (दोन फेऱ्यांचे गुण एकाच मापावर आणताना येणारी अनिश्चितता) धरावी लागते, आणि ही मर्यादा आणखी वाढते.

दुसरी चाचणीही पाहाच. टिम्स या गणित-विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत इंग्लंडचे आठवीच्या पातळीचे गणिताचे गुण १९९९ मध्ये ४९६ होते, २००७ मध्ये ५१३.

भारताबाबत हाच दावा झाला, तर लक्षात ठेवा: पिसाच्या २००९ च्या वाढीव फेरीत भारतातून फक्त तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश होते. निकाल तळाचा होता आणि तो गांभीर्यानेच घ्यायला हवा. पण महाराष्ट्रातल्या मुलांबद्दल त्यातून काहीही सिद्ध होत नाही.