हाय अल्टिट्यूडची पहिली पोस्टिंग: नवीन डॉक्टरांसाठी थोडं उघड बोलणं

एएमसीत, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कोअरमध्ये, शॉर्ट सर्व्हिसवर (ठराविक वर्षांच्या नोकरीवर) आलात, बेसिक कोर्स उरकला आणि लडाखची ऑर्डर हातात पडली असं धरून लिहितेय. एएमएस (उंचीवरचा आजार), हेप (त्यात फुफ्फुसात पाणी होणं), हेस (मेंदूला सूज) तुम्हाला येतं. अक्लमटायझेशनचे, म्हणजे शरीराला उंचीची सवय करायचे, टप्पेही पाठ असतील, ९ ते १२ हजार फुटांवर ६ दिवस, १५ हजारांपर्यंत ४, त्याच्या वर अजून ४, त्यामुळे ते सोडते.

बोलायचंय ते तुमच्या एरियातल्या बायकांबद्दल. इंजिनियर्स, सिग्नल्स, ईएमईच्या (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरच्या) ऑफिसर असतात, २०२१ पासून मिलिटरी पोलिसातल्या जवान मुली पण आहेत. जानेवारी २०२३ मध्ये कॅप्टन शिवा चौहान सियाचीनच्या कुमार पोस्टला, १५,६०० फुटांवर गेल्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरात कॅप्टन गीतिका कौल आणि कॅप्टन फातिमा वसीम या डॉक्टर सियाचीनला. तरी "वर लेडीज असतात कुठे" म्हणणारे सीनियर भेटतील, भेटू देत.

तर पाणी. हसू नका, सगळं इथेच अडतं. कॉन्व्हॉयमध्ये सगळे पुरुष, रस्त्यावर आडोसा नाही, पोस्टवर टॉयलेट म्हणजे बर्फातून चालत जायचं आणि चार थर कपडे सोडायचे, रात्री तर विचारूच नका. मग बाई काय करते? सकाळपासून पाणीच पीत नाही. मीही तेच केलंय, माझ्याबरोबरच्या प्रत्येकीने केलंय, आणि एकमेकींना सांगितलं मात्र कधीच नाही. वर हवा कोरडी, धाप लागते त्यातून पाणी जातं, थंडीने लघवी जास्त होते, म्हणजे शरीर आधीच सुकलेलं. मग डोकं दुखतं. डोकं दुखतंय म्हणून ती एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात येते, तुम्ही एएमएस समजून डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) देता, डायमॉक्सने लघवी अजून वाढते, आणि लघवी वाढली म्हणून ती पाणी अजून कमी करते! परत वाचा हे. औषध बरोबर, डोस बरोबर, आणि बाई रोज जास्त आजारी. त्यात दाबून धरल्याने युरिन इन्फेक्शन, मग ताप, कंबरेत कळ, आणि तोवर हवामान बिघडून हेलिकॉप्टर बंद. खाली तीन गोळ्यांत बरं होणारं दुखणं वर इव्हॅक्युएशनची केस होतं.

म्हणून डोकेदुखी सांगितली की आधी विचारा, शेवटची लघवी कधी झाली, रंग कसा होता, जळजळ आहे का. सरळ विचारा, "काही प्रॉब्लेम?" असं गोलगोल विचारलंत तर उत्तर "नाही मॅडम" हेच येणार. सिक रिपोर्टच्या (आजारी म्हणून दाखवायला येणाऱ्यांच्या) रजिस्टरमध्ये बायकांची पानं कोरी दिसली तर खुश होऊ नका, त्या येत नाहीयेत एवढाच त्याचा अर्थ. आणि एएमएस खरंच असू शकतो हेही विसरू नका, शंका असेल तर वर चढणं थांबवा, यात वाद नाही.

उपाय साधे आहेत, खरंच. उभ्याने लघवी करायचं फनेल मिळतं, ते खाली असतानाच घरच्या बाथरूममध्ये वापरून बघायला लावा, वर पहिल्यांदा वापरलं तर कपडे भिजतात आणि भिजलेले कपडे तिथे किती महागात पडतात ते सांगायला नको. रात्रीसाठी रुंद तोंडाची बाटली. कॉन्व्हॉय कमांडरला आदल्या दिवशी भेटून हॉल्ट ठरवून घ्या, बहुतेक वेळा तो हो म्हणतो, त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

आता पाळी. आपल्याकडे गणपती आले की पाळी पुढे ढकलायची गोळी मेडिकलमधून आणतात, तीच सवय घेऊन मुली वर येतात. मला हा शॉर्टकट अजिबात आवडत नाही. उंचीवर रक्त घट्ट, पाणी कमी, बर्फवादळात दिवसभर तंबूत बसून, त्यात न विचारता हार्मोन म्हणजे गुठळीला आमंत्रण. पाळी थांबवायला माझा विरोध नाही हं, पण ते दोन-तीन महिने आधी, खाली, हिस्टरी घेऊन, गायनॅकशी बोलून ठरवायचं. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, पण तेव्हाच करा. वर गेल्यावर हिमोग्लोबिन आपोआप चढतं, १३ दिसलं म्हणून लोह भरपूर आहे असं नसतं. मांडीत किंवा जांघेत चालताना दुखणाऱ्या मुलीला "स्ट्रेन आहे" म्हणून क्रेप बँडेज लावून परत पाठवू नका, स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला पडलेली चीर) डोक्यात ठेवा.

शिकायचं कुणाकडून? माझं मत विचाराल तर पॉवरपॉइंटवाल्या सरांपेक्षा जुना नर्सिंग असिस्टंट हवालदार बरा. पण त्यालाही एका ठिकाणी तुम्हीच शिकवायचंय. छातीला स्प्लिंटर (स्फोटातला धातूचा तुकडा) लागलेली बाई समोर आली की पोरांचा हात थबकतो, कपडे कापायला लाजतात, आणि पाठीकडची दुसरी जखम तशीच राहते. ट्रेनिंगचा डमी बहुतेक पुरुषाचाच असतो ना. त्याला जुनी ब्रा आणि वर जॅकेट घाला, आणि कात्रीने सगळं कापून चेस्ट सील (छातीची जखम हवाबंद करायची चिकटपट्टी) लावायची ड्रिल पहिल्याच आठवड्यात घ्या. पोरं पहिल्यांदा हसतील, तिसऱ्यांदा मुकाट करतील. आणि हो, लघवी तपासायच्या डिपस्टिकचे दोन डबे जास्तीचे मागवा, इंडेंटला (सामानाच्या मागणीला) वेळ लागतो.