एम.डेस.च्या विद्यार्थ्यांना संशोधन कसे शिकवावे

डिझाइनच्या पदव्युत्तर (एम.डेस.) वर्गात अभियांत्रिकी, वास्तुकला, ललित कला अशा निरनिराळ्या शाखांतून विद्यार्थी येतात आणि विषय हाती पडताच त्यांतले बरेचसे रेखाटने काढू लागतात. म्हणून संशोधनपद्धतींवरची व्याख्याने थोडी पुढे ढकलावीत आणि आधी प्रश्न विचारण्याचा सराव द्यावा.

या सरावासाठी साधा तांब्या पुरतो. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझाइनर दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला दिलेल्या अहवालात लोट्याविषयी प्रश्नांची मालिकाच मांडली आहे: पाणी किती न्यायचे, कोणाच्या हातांनी, डोक्यावर की कमरेवर, रिकामा आणि भरलेला असताना तोल कसा राहतो, तो विकताना किंवा कोणाला देताना काय वाटते. विद्यार्थ्यांनी स्वतःची यादी पूर्ण केल्यावरच हा उतारा वाचायला द्यावा, म्हणजे आपल्या हातून कोणत्या जातीचे प्रश्न सुटले ते त्यांना स्वतःलाच दिसेल.

त्यानंतर क्षेत्रकार्याला जावे. एसटी स्थानकावरील वेळापत्रकाचा फलक हा विषय घेतला, तर नोंदवहीत ‘पाहिले’, ‘ऐकले’ आणि ‘मला वाटले’ असे तीन रकाने सक्तीने आखून घ्यावेत. एक आजी फलकाकडे न पाहता थेट चौकशीच्या खिडकीशी गेल्या, हे पाहिलेले. अक्षरे लहान असल्यामुळे त्या तिकडे गेल्या, हे केवळ अनुमान. गाडी वेळेवर सुटेल याची खात्री माणसाच्या तोंडूनच हवी असेल, तर अक्षरे कितीही मोठी केली तरी त्या खिडकीशीच जातील. हा भेद अंगी बाणेपर्यंत पुढे जाऊ नये. माझ्या मते सत्रातला सर्वाधिक वेळ येथेच द्यायला हवा.

मुलाखतीपूर्वी समोरच्याच्या भाषेत हेतू सांगून संमती घ्यावी. ‘मोठा फलक आवडेल का?’ असे विचारल्यास लोक भिडेखातर होकार देतात. त्याऐवजी ‘मागच्या वेळी गाडी कशी शोधलीत?’ असे विचारावे.

वाचन करताना प्रत्येक लेखाबाबत अभ्यास कोठे आणि कोणावर झाला याची नोंद ठेवायला लावावी, कारण परदेशी शरीरमापांवर बेतलेली फलकाची उंची आपल्या प्रवाशांना सोयीची असेलच असे नाही.

मूल्यमापनात अंतिम प्रतिकृतीइतकेच गुण नोंदवहीला ठेवावेत आणि मूळ प्रश्न कोणत्या नोंदीमुळे बदलला, ते पान परीक्षकांसमोर उघडून दाखवायला सांगावे.