कूलरचा टब रिकामा करवून घ्यायचा असेल, तर भोंग्यातून काय बोलायचं

मी नागपुरात ऑटोवर भोंगा बांधून अनाउन्समेंट करतो. साड्यांचा सेल, निवडणूक, सर्कस, हरवलेलं लेकरू, जे असेल ते. पावसाळा तोंडावर आला की डेंग्यूचं काम येतं. कधी वॉर्डातलं गणेश मंडळ बोलावतं, कधी कॉलनीवाले, कधी दवाखान्यातल्या सिस्टर. हातात कागद मात्र बहुतेक तोच असतो: ‘डेंग्यू टाळा, परिसर स्वच्छ ठेवा, आपले आरोग्य आपल्या हाती.’ वाचायला माझी ना नाही, भाडं तेवढंच मिळतं. पण ते ऐकून सक्करदऱ्यातल्या एखाद्या बाईनं उठून नेमकं काय करायचं, हे त्यात कुठंच नसतं.

म्हणून मोहीम ठरवताना पहिलं काम: माणसाच्या हातून कोणती एक गोष्ट व्हायला हवी, ती ठरवा. एकच. नागपुरात मी कूलर धरतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, त्यामुळे चाळीपासून बंगल्यापर्यंत खिडकीखिडकीत कूलर. जूनमध्ये पाऊस आला की कूलर बंद होतो, टबमधलं पाणी तसंच राहतं. डेंग्यूच्या मच्छराला याहून चांगली जागा नको. मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टबच्या भिंतीला अंडी चिकटवते. पाणी फेकलं तरी अंडी तिथंच राहतात, कोरडी पडून महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागलं की त्यातून अळ्या निघतात. अंड्यापासून उडणारा मच्छर व्हायला या हवेत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी काढायचं आणि टब घासायचाही. ‘घासा’ हा शब्द मजकुरातून गळाला तर अर्धी मोहीम गेली समजा.

आता मजकूर. माझा साधारण असा असतो:

‘मानेवाड्यातल्या ताई-दादांनो, आज रविवार. आज एकच काम. कूलरचा प्लग काढा. टबमधलं सगळं पाणी काढा. आतून ब्रशनं घासा. दहा मिनिटं लागतात. संध्याकाळी पाच वाजता आशाताई टॉर्च घेऊन येतील, त्यांना टब दाखवा.’

एवढंच. अर्ध्या मिनिटात बसतं, कारण माझा ऑटो एका दारासमोर त्याहून जास्त वेळ नसतो. प्लग आधी काढायला सांगतो, कारण कूलरचा शॉक लागून विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं जातात. लोकांनी मच्छर मारायला जाऊन जीव गमावायला नको. वस्तीचं नाव घ्या. नाव ऐकलं की मान वळते. मराठीत एकदा, मग हिंदीत एकदा. मोमिनपुऱ्यात आणि कामठी रोडला हिंदी आधी. पुस्तकी हिंदी नको, चौकात बोलतात ती.

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. लोकांना माहिती नसते असं नाही हो, राजेहो. डेंग्यू मच्छरानं होतो हे शाळेतलं पोरगंही सांगतं. माहिती असून हात हलत नाही, आणि हात हलायला वेळ, जागा आणि कोणीतरी येणार आहे ही खात्री लागते. पोलिओचं आठवा. टीव्हीवर अमिताभ बच्चन दटावून सांगत होते, ते घराघरात पोचलं. पण त्याच रविवारी जवळच बूथ लागायचा, डोस घेतलेल्या पोराच्या करंगळीला शाई लागायची, आणि राहिलेल्या घरांच्या दारावर खडूनं खूण करत माणसं फिरायची. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा, आणि २७ मार्च २०१४ ला आपण पोलिओमुक्त ठरलो. नुसत्या जाहिरातीनं ते झालं नसतं, आणि जाहिरातीशिवाय दारावर गेलेल्या ताईला किती घरांनी दार उघडलं असतं, कोण जाणे. तेव्हा आशाताईंची आणि सिस्टरची वेळ आधी पक्की करा, मग मला फोन करा. उलट केलं की मी ओरडून जातो आणि पाच वाजता कोणी येत नाही. पुढच्या रविवारी मग माझं कोण ऐकणार?

वेळेबद्दल थोडं. भर उन्हाळ्यात दुपारी भोंगा फिरवणं म्हणजे पैसे पाण्यात. रस्त्यावर कुत्रंही नसतं, खिडक्या बंद, आत कूलरचा घर्रघर्र आवाज. कूलर रिकामा करा हे सांगणारा आवाज कूलरमुळेच आत जात नाही. सकाळी नळ येतो तेव्हा फिरा. बाया अंगणात असतात, हात ओले असतात, टब तिथंच असतो. पोलिसांची परवानगी आधी काढा. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद, आणि दवाखाना, शाळा, कोर्टाच्या शंभर मीटरच्या आत आवाज करायचा नाही. मेडिकल आणि मेयो या मोठ्या दवाखान्यांच्या बाजूनं जाताना मी बटण बंद करूनच जातो.

भोंगा एकटा पुरत नाही, हे मी भोंगेवाला असून सांगतो. रेडिओ दूरवर जातो. आकाशवाणी नागपूर १९४८ पासून आहे आणि म्हातारी माणसं अजून तिचं ऐकतात. पण रेडिओ तुमच्या गल्लीचं नाव घेणार नाही. त्याच्याकडून डॉक्टरांची मुलाखत मागा: ताप आला तर पॅरासिटामॉलच घ्या, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनानं घेऊ नका, पोटात दुखलं, उलट्या थांबेनात किंवा रक्त दिसलं की लगेच दवाखाना गाठा. हे समजावून सांगायला वेळ लागतो, भोंग्याचं ते काम नाही.

पेपरवाल्यांना ‘जनजागृती कार्यक्रम संपन्न’चा फोटो पाठवू नका. बॅनर धरून उभ्या दहा पाहुण्यांचा फोटो पाहून आजवर कोणी टब घासलेला नाही. पाठवायचं ते असं की अमुक वस्तीत एवढ्या घरांनी या रविवारी कूलर कोरडा केला. आकडा खरा, मोजलेला. आणि आकडा करणाऱ्यांचा द्या. ‘बहुतेक घरांत अळ्या सापडल्या’ असं छापून आलं की वाचणारा म्हणतो, सगळ्यांचंच तसं आहे ना, मग माझंही राहू दे. ज्यांच्याकडे अळ्या सापडल्या त्यांची नावं तर कुठंच नको. पुढच्या वेळी दारच उघडणार नाहीत.

व्हॉट्सॲपवर रंगीत पोस्टर टाकतात, गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये ते वाहून जातं. त्यापेक्षा तुमच्या दवाखान्यातल्या सिस्टरच्या आवाजात वीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज टाका, त्यांच्या परवानगीनं. ओळखीचा आवाज माणूस पूर्ण ऐकतो. पपईच्या पानांच्या रसानं डेंग्यू बरा होतो असा मेसेज फिरायला लागला की त्याच सिस्टरकडून उत्तर घ्या, ग्रुपवर भांडत बसू नका.

मला सगळ्यात भारी वाटतं ते माध्यम म्हणजे कूलर मेकॅनिक. एप्रिलमध्ये तो कूलरच्या गवताच्या ताट्या बदलायला, पंप बसवायला घरोघरी जातोच. त्याच्याकडे स्टिकर द्या: ‘रविवार: प्लग काढा, पाणी काढा, घासा.’ तो बटणाजवळ चिकटवेल. अख्खा उन्हाळा माणूस दिवसातून चारदा त्या बटणाला हात लावतो. तर्री-पोह्याच्या ठेल्यावरही एक चिकटवा, लोक तिथं पाच मिनिटं उभे असतात.

मग मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीनं निघतात, ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ म्हणत अख्खं गाव रस्त्यावर असतं, आणि डेंग्यूचे दिवसही नेमके तेच. त्यांच्यासोबतचे बडगे, म्हणजे टवाळीचे पुतळे, दरवर्षी चालू विषयावर करतात. तुमच्या मंडळाला कूलरवर बसलेल्या मच्छराचा बडग्या करता येईल. मात्र हसून लोक घरी जातील, म्हणून बडग्याच्या गळ्यात रविवारची वेळ लिहिलेली पाटी अडकवा.

धुराच्या गाडीला जाहिरातीत जागा देऊ नका. धूर उडणारा मच्छर मारतो, टबमधली अळी तशीच राहते. पण धूर दिसला की लोकांना वाटतं काम झालं. तसंच मरणाची भीतीही फार घालू नका. घाबरलेला माणूस दुसऱ्या कामाला लागतो, नाहीतर कान बंद करतो.

परिणाम पाहायचा असेल तर ‘अनाउन्समेंट ऐकली का?’ असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. मोहिमेआधी एका गल्लीतली घरं मोजा, किती घरांत अळ्या आहेत ते टॉर्चनं पाहा. महिन्यानं त्याच घरांत पुन्हा पाहा. शंभरातली किती घरं, हाच तुमचा आकडा.

आणि शेवटची फेरी दिवाळीआधी ठेवा. तेव्हा कूलर गच्चीवर किंवा पलंगाखाली जातो. भोंग्यातून सांगायचं: ताट्या काढा, टब ब्रशनं घासा, उन्हात वाळवा, मगच झाकून ठेवा. टब न घासता झाकला तर भिंतीची अंडी पुढच्या उन्हाळ्यातल्या पहिल्या बादलीची वाट पाहत बसतात.