व्हिडिओ बघून नळ दुरुस्त करणाऱ्या आणि भाकरी थापणाऱ्या नवीन मंडळींसाठी

दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात आपली नवीन मंडळी न्यू जर्सीत येऊन टेकतात आणि महिन्याभरात फोन सुरू होतात. दादा सिंक तुंबलंय, दादा किचनमधले दोन प्लग अचानक गेले, वहिनी दही लागतच नाहीये. आम्ही दोघं तेच तेच सांगून दमलोय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो, आता विचारलंत तर हेच पाठवणार.

मी २००८ ला आलो तेव्हा आयुष्यात कधी पाना हातात धरलेला नव्हता. सांगलीला नळ गळायला लागला की आई कोपऱ्यावरच्या दुकानात निरोप ठेवायची, संध्याकाळपर्यंत कोणीतरी यायचं, वॉशर बदलायचं, चहा पिऊन जायचं. इथे प्लंबर दारात नुसता उभा राहिला की शंभर-दीडशे डॉलर, काम वेगळं. त्यामुळे आज मला जे काही येतं, म्हणजे नळ बदलणं, फ्लशच्या टाकीतलं रबर बदलणं, ड्रायर उघडून साफ करणं आणि हो, पुरणपोळीसुद्धा, ते सगळं फोन भिंतीला टेकवून, पॉज करत करत शिकलोय. व्हिडिओच्या विरोधात मी अजिबात नाही. पण व्हिडिओतल्या माणसाने तुमचं घर बघितलेलं नसतं, आणि ते घर अमेरिकेत आहे की आकुर्डीत हेही त्याला माहीत नसतं, एवढं डोक्यात ठेवा.

भाड्याने राहत असाल तर दुरुस्तीच्या भानगडीत पडूच नका, मेंटेनन्सला कळवा, ते तुमच्या भाड्यातच असतं. आपल्या लोकांना उगीच संकोच वाटतो, कशाला त्रास द्यायचा म्हणून स्वतः खोलून बसतात आणि मग डिपॉझिट जातं.

स्वतःचं घर घेतलं असेल तर पहिल्या दिवशी, गणपतीचा फोटो लावायच्याही आधी, घराचा मुख्य पाण्याचा कॉक कुठे आहे ते शोधा. बहुतेक बेसमेंटमध्ये पाण्याच्या मीटरजवळ असतो, नाहीतर वॉटर हीटरच्या आसपास, काही टाउनहाउसमध्ये चक्क कपाटाच्या मागे. शोधा, एकदा बंद करून बघा, नळाचं पाणी खरंच थांबतंय ना ते बघा, आणि घरातल्या प्रत्येकाला दाखवा, सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांनासुद्धा, कारण पाणी फुटतं तेव्हा तुम्ही हमखास ऑफिसात असता. हे मी इतकं का दामटून सांगतोय ते ऐका.

आम्ही घर घेतलं २०१३ च्या उन्हाळ्यात. मागच्या अंगणाला बाहेरून नळ, त्याला मी पन्नास फुटी हिरवा पाईप लावला, व्हिडिओ बघून वाफे केले, कोथिंबीर आणि मेथी आली, मी खूश, पाहुण्यांना हात धरधरून वाफे दाखवायचो. थंडी आली तसा बाहेरचा नळ घट्ट बंद केला आणि पाईप तसाच नळाला लटकत राहिला. जानेवारी २०१४ आठवतोय का कोणाला, पोलर व्होर्टेक्सची ती थंडी? त्यात पाईपमधलं पाणी गोठलं, आणि त्याच्यामागे भिंतीतल्या नळीतलंही. बर्फ झालेलं पाणी फुगतं, तांब्याच्या नळीला बारीक चीर गेली. पण गंमत अशी की तेव्हा काहीच कळत नाही, कारण नळ बंद असतो आणि चीर त्याच्या पुढच्या भागात असते. एप्रिलमध्ये मी परत कोथिंबिरीच्या उत्साहात नळ सोडला, धार जरा बारीक वाटली, म्हटलं पाईपला कुठेतरी पीळ असेल, आणि अर्धा तास वाफ्यात पाणी घालत उभा राहिलो. ते पाणी भिंतीच्या आतून बेसमेंटमध्ये चाललं होतं. बायकोची किंकाळी ऐकून आत धावलो, बाहेरचा नळ बंद केलाय की नाही हेसुद्धा मला आठवेना, आणि मुख्य कॉक कुठे आहे ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. कार्पेट, त्याखालचा फोम, खालून दोन फूट भिंत, सगळं मिळून साडेचार हजार डॉलर. व्हिडिओ बघायचा तर तो त्या रात्री बघितला, हिवाळ्याआधी पाईप कसा काढायचा याचा, तीन मिनिटांचा होता.

तर ऑक्टोबर संपायच्या आत बाहेरच्या नळाचा पाईप काढा. आतून त्या नळाला वेगळा कॉक असेल तर तो बंद करा आणि बाहेरचा नळ उघडा सोडा म्हणजे उरलेलं पाणी निथळून जाईल. "आमचा नळ न गोठणारा आहे" असं एजंटने सांगितलं असेल तरी पाईप काढा, कारण त्या नळातलं पाणी बाहेर निथळतं म्हणून तो फुटत नाही, आणि पाईप लावून ठेवलात तर ते निथळणार कुठून? ऑफिसातल्या दोन पोरांना मी हे तोंडी सांगितलं होतं, दोघांनी मान डोलावली, एकाचं बेसमेंट पुढच्याच वर्षी भिजलं.

आता वीज. यात माझं मत जुनाट आहे असं पोरं म्हणतात, म्हणू देत. एका मुलाने छताचा दिवा बदलायला घेतला, व्हिडिओ लावला, पण त्याचा जास्त विश्वास कोल्हापूरच्या चुलतभावावर, कारण तो वायरमन. व्हिडिओ कॉल केला. भाऊ तिकडून सांगतो, काळी वायर म्हणजे न्यूट्रल, बिनधास्त धर. त्याचं चूक नव्हतं, आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल. इथे बरोबर उलटं, काळी म्हणजे जिवंत वायर, पांढरी न्यूट्रल, आणि उघडी तांब्याची किंवा हिरवी म्हणजे अर्थिंग. नशीब की मी शेजारी स्टूल धरून उभा होतो. आणि भिंतीवरचं बटण बंद केलं म्हणजे झालं असंही नाही, तेही आपल्याला फसवतं, कारण इथे बटण वर केलं की चालू आणि आपल्याकडे खाली केलं की चालू. विजेच्या पॅनेलमधला, म्हणजे घराच्या मेन बोर्डातला, ब्रेकर पाडा, मग वीस डॉलरच्या आतबाहेर एक टेस्टर मिळतो, वायरजवळ नेला की पिंपिं वाजतो, तो आधी चालू प्लगवर वाजवून बघा आणि मग आपल्या वायरवर. पंखा, दिवा, बटण इथपर्यंत ठीक. पॅनेलच्या आत हात घालायचा व्हिडिओ कितीही सोपा दिसला तरी इलेक्ट्रिशियन बोलवा. गराजच्या दाराची मोठी स्प्रिंगसुद्धा त्यातच धरा, ती ताणलेली असते, सुटली तर हात मोडेल नाहीतर डोळा जाईल.

किचनमधले प्लग गेले म्हणून घाबरून फोन करणाऱ्यांसाठी, ज्या प्लगवर दोन छोटी बटणं असतात त्यातलं रिसेट दाबा. तिथे नसेल तर बाथरूममध्ये बघा, गराजमध्ये बघा, एकाच्या मागे चार प्लग जोडलेले असतात. आमच्या घराबाहेरचा प्लग बेसमेंटमधल्या रिसेटने चालू होतो, का ते बिल्डरला विचारा.

भिंतींचं एका ओळीत, इथली भिंत विटांची नाही, अर्ध्या इंचाचा जिप्समचा पत्रा आहे आणि मागे साधारण सोळा-सोळा इंचांवर लाकडी उभे खांब, त्यामुळे टीव्ही टांगायचा तर खांबातच स्क्रू गेला पाहिजे.

व्हिडिओ निवडायचा कसा हे खरं तर कोणी शिकवत नाही. कधीही एकच बघू नका, त्याच कामाचे तीन बघा, तिघंही जे करतात ते खरं. एक-एक मिनिटाचे छोटे व्हिडिओ दुरुस्तीसाठी बघूच नका, त्यात गंजलेला नट कधीच नसतो, सगळं लोण्यासारखं सुटतं, आणि तुमचा नट हमखास गंजलेला असणार. मशीन असेल तर दाराच्या आतल्या कडेला स्टिकर असतो, त्यावरचा मॉडेल नंबर टाकून शोधा, नुसतं "वॉशिंग मशीन पाणी सोडत नाही" टाकलंत तर तुमच्या मशीनशी संबंध नसलेलं काहीतरी पुढे येतं. पूर्ण बघितल्याशिवाय पहिला स्क्रू काढायचा नाही. आणि प्रत्येक पायरीला आपल्या फोनने फोटो काढा, जोडताना तोच फोटो कामाला येतो. आणि हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात केशरी ॲप्रन घातलेले म्हातारे काका दिसले की त्यांना जुना तुटका पार्ट दाखवा. इथल्या लोकांची ही एक गोष्ट मला फार आवडली, स्वतःच्या घराचं काम स्वतः करायची कोणालाच लाज नाही, माझा पहिला मॅनेजर शनिवार-रविवारी स्वतः छपरावर चढायचा. आपले लोक मात्र पाच बेडरूमचं घर घेतात आणि बल्ब बदलायला माणूस शोधतात, वर ग्रुपवर विचारतात की स्वस्तातला हँडीमन आहे का कोणी.

सिंकचं, म्हणजे त्याच्या खाली बसवलेल्या, खरकटं दळणाऱ्या डिस्पोजलचं. त्यात भात, चणे, बटाट्याची सालं, शेवग्याच्या शेंगेचा चोथा आणि नारळाच्या शेंड्या जात नाहीत हो. तेल तर नाहीच, ते पुढे पाईपमध्ये थिजतं. घूंऽ असा आवाज येऊन फिरत नसेल तर बटण बंद करा, हात घालू नका, खाली बुडाला मधोमध एक षटकोनी भोक असतं, त्यात पाव इंचाची ॲलन की घालून मागेपुढे फिरवा, मग बुडाचं लाल बटण दाबा. दहापैकी आठ वेळा सुटतं.

आता स्वयंपाक, इथे बायको जास्त जाणते, तिने सांगितलेलं लिहितोय. मराठी व्हिडिओत मैदा म्हणतात तो इथे ऑल पर्पज फ्लोअर, आणि कॉर्नफ्लोअर म्हणतात तो इथे कॉर्नस्टार्च. कॉर्न फ्लोअर नावाने जे मिळतं ते मक्याचं पीठ, त्यात मंचुरियन करून बघितलंय आम्ही, लापशी झाली. इथलं होल व्हीट फ्लोअर म्हणजे आपली कणीक नव्हे, इंडियन स्टोअरमधलीच आणा. केकच्या व्हिडिओत १८० म्हटलं तर ते सेल्सिअस, तुमचा ओव्हन फॅरनहाइटमध्ये बोलतो, तिथे ३५० लावा. एका मुलीने १८० च लावलं होतं, दीड तास झाला तरी केक आपला पातळच. पनीरसाठी दुधाच्या डब्यावर अल्ट्रा पाश्चराइज्ड लिहिलं असेल तर ते घेऊ नका, धड फाटत नाही. दही आणि इडलीचं पीठ हिवाळ्यात ओव्हनमध्ये ठेवा, ओव्हन बंद, आतला दिवा फक्त चालू, आणि दारावर चिठ्ठी चिकटवा, नाहीतर कोणीतरी पिझ्झासाठी ओव्हन तापवतं आणि भांड्यासकट जातं. आमच्याकडे गेलंय.

मिक्सर भारतातून आणू नका. तो २३० व्होल्टचा, इथे १२० येतात, चटणी वाटायच्या ऐवजी नुसता कण्हतो, आणि त्याच्यासाठीचा ट्रान्सफॉर्मर मिक्सरपेक्षा जड असतो. इथल्या व्होल्टेजचे आपल्याकडचेच मिक्सर इंडियन स्टोअरमध्ये मिळतात.

व्हिडिओतल्या तीन शिट्ट्या गॅसवरच्या असतात. इलेक्ट्रिक शेगडी बंद केली तरी बराच वेळ तापलेली राहते, कुकर तिथेच ठेवला तर चौथी-पाचवी शिट्टी आपोआप होते आणि डाळ लागते, म्हणून बंद करून कुकर बाजूच्या थंड जागेवर सरकवा. काचेच्या टॉपवर सरकवायचा म्हणजे उचलून ठेवायचा, घासत नेला की ओरखडे कायमचे.

भाकरी. सगळ्यात जास्त रडारड भाकरीची, आणि प्रत्येकाला वाटतं आपला हातच वाईट. हात नाही, पीठ. ज्वारीचं पीठ इथे येईपर्यंत जुनं होतं, त्याला चिकटपणा राहत नाही, थापताना कडा फाटतात. व्हिडिओतल्या मावशी गिरणीतून आणलेलं ताजं पीठ कोमट पाण्यात मळतात, त्यांचं बघून तुम्ही केलं तर फुटणारच. पाकिटावरची तारीख बघून लहान पाकीट आणा, फ्रीझरमध्ये ठेवा. मग वाटीभर पाण्याला खळखळून उकळी आणा, चिमूटभर मीठ, त्यात साधारण तेवढंच पीठ टाकून उलथन्याच्या दांड्याने ढवळा, झाकण ठेवून दहा मिनिटं विसरा. मग परातीत घेऊन, हाताला सोसेल इतकं गरम असतानाच, पाण्याचा हात लावत तळव्याच्या टाचेने रगडून मळा, पाच मिनिटं तरी, गोळा चमकायला लागला पाहिजे. थापलीत की तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, त्यावर पाण्याचा हात फिरवा, ते पाणी सुकायच्या आत उलटा. काचेच्या शेगडीवर थेट भाजता येत नाही, तव्यावरच कापडाने कडेकडेने दाबत फिरवा, फुगते. पहिल्या दोन कुत्र्याला, असं आई म्हणायची, इथे कुत्रा पण खात नाही.

फोडणी देताना आधी एक्झॉस्ट लावा, खिडकी उघडा, मग मोहरी. तरी छताचा धुराचा अलार्म वाजला तर खाली टॉवेल हलवा, पण बॅटरी काढून ठेवू नका, एका घरात जाऊन बघतो तर तिन्ही अलार्म ड्रॉवरमध्ये, मुलं वरच्या मजल्यावर झोपलेली. आणि मध्यरात्री मिनिटामिनिटाने एकदाच टुक् वाजत असेल तर आग लागलेली नाही, बहुतेक बॅटरी संपत आलीये, अलार्ममध्ये कोणती बसते ते बघून एक आणून ठेवा, मला फोन करायची गरज नाही.