भाडं थकल्याची नोटीस आली, मग समन्स आलं, तर मुंबईत भाडेकरूने काय करायचं

पहिली गोष्ट, पोस्टमनने आणलेलं पाकीट परत पाठवू नका. चाळीत अजूनही लोक एकमेकांना सांगतात की घेतलंच नाही तर केस होत नाही, आणि हे ऐकलं की खरंच जीव तुटतो, कारण होतं बरोबर उलटं. पत्ता बरोबर असेल आणि पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडला तर कोर्ट सहसा नोटीस मिळाली असंच धरतं आणि आत काय मागितलंय ते तुम्हाला माहीतच नसतं. म्हणून घ्या, पाकिटावरच पेनाने तारीख आणि घेणाऱ्याचं नाव लिहा, आणि पाकीट फेकू नका, त्यावरचा पोस्टाचा शिक्का पुढे कामाला येतो. भाड्याची पावती अजून आजोबांच्या नावावर आहे आणि नोटीसही त्यांच्याच नावाने आलीय, असं गिरगाव-लालबागकडे खूप घरांत असतं, तरी ती आपलीच समजा आणि वकिलाला तसं स्पष्ट सांगा.

हे सगळं पागडीच्या आणि जुन्या भाड्याच्या खोल्यांबद्दल चाललंय, जिथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. त्यातलं कलम १५ भाडेकरूने पाठच करावं. भाडं थकलं म्हणून मालक लगेच दावा लावू शकत नाही, आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून ९० दिवस थांबावं लागतं. या दिवसांत जुन्या पावत्या, बँकेचं पासबुक काढा, महिन्यागणिक हिशोब मांडा. आकडा फुगवलेला वाटला तर वकिलामार्फत लेखी उत्तर द्या, पण जेवढं मान्य आहे तेवढे पैसे त्याच वेळी पाठवा, नुसत्या उत्तराने भागत नाही. मालक घेतच नसेल तर चेक स्पीड पोस्टने पाठवा, परत आला तर पाकीट न फोडता तसंच ठेवा. भाडं द्यायची तुमची तयारी होती याचा तो चांगला पुरावा.

तरीही दावा लागला तर तो लघुवाद न्यायालयात, म्हणजे आपल्या स्मॉल कॉजेस कोर्टात, धोबीतलावला किंवा वांद्र्याच्या शाखेत. इथे कायदा आणखी एक संधी देतो आणि ती बऱ्याच जणांना माहीतच नसते. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी वार्षिक १५ टक्के सरळ व्याजाने कोर्टात भरली, पुढे दावा संपेपर्यंत दर महिन्याचं भाडं भरत राहिलात आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च दिलात, तर थकबाकीच्या कारणावरून घर खाली करायचा हुकूम होत नाही. दहा हजारांवर वर्षाचं व्याज दीड हजार होतं, घर वाचवायला हे काहीच नाही. फक्त मधे एखादा महिना चुकवू नका, मालकाच्या वकिलाला तेवढं पुरतं. आणि दाव्यात दुसरी कारणंही असतील, पोटभाडेकरू ठेवला वगैरे, तर ती वेगळी लढावी लागतात.

समन्स घेऊन बेलिफ, म्हणजे कोर्टाचा माणूस, येतो. गणपतीला सगळे गावी गेले आणि घराला कुलूप असलं तर तो समन्स दारावर चिकटवूनही जाऊ शकतो, म्हणून शेजाऱ्यांना सांगून ठेवा की दारावर कागद दिसला तर फोटो काढून पाठवा. वकालतनामा, म्हणजे वकील नेमल्याचा कागद, दाखल करा, लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं उत्तर, ३० दिवसांत द्यायची असते, फार तर ९० पर्यंत मुदत वाढवून मिळते. केस नंबर हातात असेल तर ईकोर्ट्स ॲपवर पुढची तारीख दिसते, वकिलाच्या फोनची वाट बघत बसू नका.

तारखेला कोणीच गेलं नाही तर दावा एकतर्फी चालतो, मालकाचं म्हणणं खोडून काढायला कोणी नसतं आणि डिक्री, म्हणजे निकालाचा हुकूम, होते. नुसता एकतर्फीचा आदेश झालाय, निकाल बाकी आहे, असं कळलं तर त्याच आठवड्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९, नियम ७ खाली अर्ज करा. डिक्रीच झाली असेल तर ती रद्द करायला त्याच ऑर्डरच्या नियम १३ चा अर्ज, मुदत डिक्रीपासून ३० दिवस, आणि समन्स नीट बजावलंच नसेल तर डिक्री कळल्यापासून ३० दिवस. उशीर झाला तर माफीचा वेगळा अर्ज जोडायचा आणि कारण कागदाने दाखवायचं, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, रेल्वेचं तिकीट, जे खरं असेल ते. समन्स बजावण्यात थोडी चूक होती एवढ्यावर डिक्री रद्द होत नाही, तुम्हाला तारीख वेळेत माहीत होती असं दिसलं तर अर्ज फेटाळला जातो. म्हणून आधी रोजनामा, म्हणजे दर तारखेला काय झालं त्याची कोर्टातली नोंद, आणि बेलिफचा रिपोर्ट यांच्या प्रती काढून वाचा, कोणत्या पत्त्यावर, कोणाच्या हातात दिलं ते त्यातच सापडतं.

आणि नुसता अर्ज टाकल्याने डिक्री थांबत नाही हं, स्टे, म्हणजे स्थगिती, वेगळा मागावा लागतो, नाहीतर तिकडे मालकाची दरखास्त, म्हणजे डिक्री अमलात आणायचा अर्ज, चालू राहते आणि बेलिफ ताबा घ्यायला दारात येतो.

लिव्ह अँड लायसन्सवाल्यांचं गणित वेगळं. मुदत संपल्यावर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जातो, तिथे समन्सपासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी घेतली नाही तर मालकाचं म्हणणं तुम्हाला मान्य आहे असं धरून घर खाली करायचा आदेश होतो.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि बाई, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती किंवा दिव्यांग असेल तर त्यासाठी उत्पन्नाची अटच नाही.