मुलांना सुट्टे पैसे मोजायला कसं शिकवायचं

प्लास्टिकची खोटी नाणी नकोच, घरातलीच खरी घ्या, 1, 2, 5, 10 ची, आणि 1 नि 2 ची नाणी पटकन सारखीच वाटतात म्हणून साईज नाही तर आकडा वाचायची सवय लावा. आधी एकसारख्या नाण्यांचे ढीग, मग मोठ्यापासून सुरुवात. 10, 5, 2, 2, 1 ओळीत मांडा, एकेक सरकवत मोठ्याने म्हणा, दहा, पंधरा, सतरा, एकोणीस, वीस. बरीच मुलं 2 च्या नाण्याला एकच पुढे जातात, नाणं एकच दिसतं ना, तिथे ओरडू नका प्लीज, त्या नाण्यावर बोट दोनदा टेकवायला सांगा, 'सोळा, सतरा'. हे जमलं की 20 चं बाराकोनी नाणं आणा. मग भाजीवाल्याकडे सोबत न्या आणि सुट्टे त्यांनाच मोजू द्या, वेळ लागला तरी चालेल.