गाडीची बॅटरी सारखी उतरतेय? नवीन घेण्याआधी हे तपासा

एकदा बॅटरी उतरली तर ठीक आहे, रात्रभर लाईट चालू राहिली असेल. पण चार्ज करून घेतली, दोन दिवस बरी चालली आणि परत सकाळी चावी फिरवल्यावर नुसतं टकटक, असं सारखं व्हायला लागलं की बहुतेक लोक सरळ नवीन बॅटरी टाकतात. काही वेळा त्याने प्रश्न सुटतोही. पण दोष दुसरीकडे असेल तर महिन्याभरात ती नवीन बॅटरीपण तशीच बसते, आणि वारंवार पूर्ण उतरल्यामुळे चांगली बॅटरी कायमची खराब होते, त्याचं खरंच वाईट वाटतं. म्हणून आधी शोधा, मग खर्च करा.

कारणं बहुतेक वेळा तीनच असतात. बॅटरी स्वतः संपलीये, किंवा गाडी चालू असताना ती नीट चार्जच होत नाहीये, किंवा गाडी बंद असताना काहीतरी गुपचूप करंट खातंय. या तिन्हीतलं कुठलं ते एका साध्या डिजिटल मल्टीमीटरवर कळतं.

मीटर लावायच्या आधी बोनेट उघडून टर्मिनल बघा. पांढरी किंवा हिरवट-निळी पावडर जमलीये का, क्लॅम्प हाताने हलतोय का. हलत असेल तर दोष तिथेच असायची शक्यता बरीच आहे, कारण सैल टर्मिनलमधून बॅटरी ना नीट चार्ज होते ना स्टार्टरला (इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरला) पुरेसा करंट देते. साफ करायला खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासा, कोरडं पुसा आणि घट्ट आवळा. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी, हा क्रम सोडू नका, कारण पॉझिटिव्हवर पाना असताना तो बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीजवळ पेट घेणारा हायड्रोजन वायू असतो. निगेटिव्ह वायरचं दुसरं टोक बॉडीला जिथे बोल्ट केलंय तेही बघा, तिकडे कोणी बघतच नाही आणि गंज तिथेच धरतो.

आता पहिलं माप. गाडी रात्रभर उभी राहू द्या, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि सकाळी काहीही चालू न करता थेट बॅटरीच्या दोन खांबांवर लावा. १२.६ च्या आसपास म्हणजे बॅटरी फुल, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. गाडी बंद केल्या केल्या मोजू नका, चार्जिंगनंतर काही वेळ आकडा फुगलेला दिसतो आणि बॅटरी चांगली आहे असं वाटून फसायला होतं.

आकडा कमी आला म्हणून बॅटरी खराब असं लगेच ठरवू नका, फक्त उतरलेलीही असू शकते. बाहेरच्या चार्जरने पूर्ण चार्ज करा, चार्जर काढून पुन्हा काही तास तशीच ठेवा आणि परत मोजा. पूर्ण चार्ज करूनही १२.४ च्या वर टिकत नसेल तर ती थकलीये. टिकली तर मीटर लावलेलाच ठेवून दुसऱ्या कोणाला तरी सेल मारायला सांगा आणि त्या क्षणी आकडा कुठपर्यंत पडतो ते बघा. १० च्या वर राहिला तर छान, ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरीत दम नाही. बॅटरीवर तारीख असते तीपण बघा, तीन ते पाच वर्षं झाली असतील तर तिचं आयुष्य तसंही संपत आलेलं असतं.

एक गोष्ट इथेच सांगतो. सेल मारताना डॅशबोर्डचे दिवे फिके पडून टकटक होत असेल तर करंट कमी पडतोय. पण दिवे लख्ख आहेत आणि एकच टक किंवा काहीच आवाज नाही, तर दोष स्टार्टर, रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा वायरिंगमध्ये असायची शक्यता जास्त, बिचाऱ्या बॅटरीला दोष देऊ नका.

पुढे चार्जिंग. गाडी चालू करा आणि परत त्याच दोन खांबांवर मोजा. साधारण १३.८ ते १४.७ हवेत. मग हेडलाईट, एसीचा पंखा, मागच्या काचेचा हीटर सगळं चालू करून बघा, तरी १३.५ च्या आसपास टिकायला पाहिजे. गाडी चालू असताना १२.५ च दिसतंय म्हणजे अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) चार्ज करत नाहीये, आधी त्याचा बेल्ट सैल आहे का बघा, मग वायरी आणि फ्यूज. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडलाय आणि तो बॅटरी शिजवतोय, तेही तितकंच वाईट. बऱ्याच नवीन गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतो, म्हणून एका आकड्यावर निकाल न लावता थोडा वेळ बघत रहा. आणि गाडी चालू असताना बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासायचा जुना प्रकार अजिबात करू नका, व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जाऊ शकतो.

बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं, तरी उतरते? मग गळती शोधायची, आणि खरं कसब यातच आहे. बंद गाडीपण थोडा करंट घेतेच, घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर यांना तो लागतो. साधारण ५० मिलिअँपियरपर्यंत ठीक. त्या हिशोबाने दिवसाला १.२ अँपियर-तास जातात, म्हणजे ४५ अँपियर-तासाची बॅटरी दोन आठवडे सहज टिकते. पण डिकीतला ५ वॉटचा एक बल्ब चालू राहिला तर तो ४०० मिलिअँपियर घेतो, दिवसाला जवळपास १० अँपियर-तास, आणि तीच बॅटरी तीन-चार दिवसांत बसते.

मोजायचं असं. सगळं बंद करा, चावी लांब ठेवा (कीलेस असेल तर नक्कीच, चावी जवळ असली की काही गाड्या जाग्याच राहतात). बोनेट उघडं ठेवा, ज्या दारातून फ्यूज बॉक्स गाठायचाय ते उघडून त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने दाबून ठेवा म्हणजे गाडीला दार बंदच वाटेल. मीटरची लाल वायर १० अँपियरच्या भोकात घाला, निगेटिव्ह केबल काढा आणि मीटर केबल आणि खांबाच्या मध्ये लावा. आता थांबा. सुरुवातीला दोन-चार अँपियर दिसतील, घाबरू नका, कंट्रोल युनिट (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) झोपायला वीस मिनिटं ते तासभर घेतात. मीटर असा लावलेला असताना सेल मारू नका, इग्निशनपण लावू नका, मीटरचा फ्यूज उडेल. आणि काम झालं की लाल वायर आठवणीने परत व्होल्टच्या भोकात घाला, नाहीतर पुढच्या वेळी व्होल्ट मोजायला जाल आणि बॅटरी शॉर्ट कराल.

तासाभराने पण आकडा १०० मिलिअँपियरच्या (म्हणजे ०.१ अँपियरच्या) वरच असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येतो, चोर त्याच लाईनवर. फ्यूज काढल्या-घातल्याने झोपलेली युनिट परत जागी होतात, म्हणून मला दुसरी पद्धत जास्त आवडते. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन बारीक धातूच्या टोकांना लावायचा, शून्य आलं तर त्यातून करंट जात नाहीये, काही आलं तर जातोय, फ्यूज काढायची गरजच नाही.

आधी संशय घ्यायचा तो नंतर बसवलेल्या वस्तूंवर. म्युझिक सिस्टीम, अँप्लिफायर, डॅशकॅम, ट्रॅकर, हे सगळं बऱ्याचदा थेट बॅटरीवरून ओढलेलं असतं. त्यानंतर ग्लोव्हबॉक्स आणि डिकीचे दिवे, चिकटलेला रिले. एकही फ्यूज काढून फरक पडला नाही तर संशय अल्टरनेटरच्या डायोडवर (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), अल्टरनेटरची जाड वायर थेट बॅटरीवरून येते म्हणून ती या फ्यूजमध्ये सापडतच नाही. बॅटरी सोडवून, अल्टरनेटरवरची ती वायर काढून टोकाला नीट टेप गुंडाळा, मीटर परत लावा आणि आकडा पडतो का बघा.

गळतीपण नाही? मग गाडी कशी वापरता ते आठवा. रोज पाच-दहा मिनिटांच्या फेऱ्या असतील तर सेल मारताना गेलेलं भरूनच येत नाही, मधून मधून लांब फेरी मारा किंवा चार्जर लावा. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर मेंटेनर चार्जर (हळूहळू चार्ज देऊन बॅटरी भरलेली ठेवणारा) लावून ठेवा, नाहीतर निगेटिव्ह काढून ठेवा.

आणि शेवटी बॅटरी बदलायचीच ठरली तर स्टार्ट-स्टॉपवाल्या गाडीत (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या) एजीएम किंवा ईएफबी, या खास जातीच्या बॅटऱ्यांपैकी जी होती तीच घ्या, साधी टिकत नाही, आणि काही गाड्यांत नवीन बॅटरीची नोंद कॉम्प्युटरमध्ये करावी लागते ती करून घ्या. बसवली की पहिल्याच आठवड्यात सकाळचे व्होल्ट, चालू गाडीतले व्होल्ट आणि गळती तिन्ही मोजून कागदावर लिहून गाडीतच ठेवा, पुढे कधी शंका आली तर ताडून बघायला हेच आकडे कामाला येतात.